दिवा विझेपर्यंत

लांजेवारकाका गाडी सुरू करण्याआधी शिट्टी वाजवायचे. शाळेतल्या ड्रिल मास्तरच्या गळ्यात असते तसली पितळी शिट्टी. आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी, चारही चाकांकडे वाकून बघणं, मग उजवा हात वर करून एक लांब शिट्टी आणि आरोळी, "हटोऽऽ! मशीन चालू होऊन राहिली!" भिलाईतल्या मरोद्याच्या आमच्या गल्लीत त्या वेळी हटण्यासारखं कोणी नसायचंच. असलीच तर दूधवाल्याची म्हैस असायची, आणि ती हटायची नाही. मग काका खाली उतरून तिला हिंदीत समजावत. घरात मराठी आणि बाहेर हिंदी असा त्यांचा नियम होता. म्हैस बाहेरची.

काका जन्मभर पोलादाच्या प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये राबले. कोळसा भाजून कोक करतात त्या भट्ट्यांवर. साकोलीकडच्या धानाच्या शेतातून तरुणपणी आलेला हा माणूस निवृत्त होईपर्यंत पायापासून डोक्यापर्यंत भट्टीचा होऊन गेला होता. भट्टी एकदा पेटवली की तिला थंड होऊ द्यायचं नाही, नाही तर आतल्या विटा तडकतात, हे त्यांच्या आयुष्याचं पहिलं कलम. दुसरं कलम असं की बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. या बदलीच्या माणसाला प्लांटमध्ये रिलीव्हर म्हणतात. निवृत्त झाल्यावर काकांना भट्टी उरली नाही, पण ही दोन्ही कलमं उरली. ती कुठेतरी लावायची तर होतीच.

ती लागली एका आलिशान डिझेल गाडीला. काळीभोर, चकचकीत, आमच्या गल्लीपेक्षा किंचितच अरुंद. ती दारात उभी राहिली की पलीकडच्या माणसाला अलीकडे यायला पोट आत घ्यावं लागायचं. तिची कातडी आसनं सायीच्या रंगाची होती आणि त्यांच्यातून गार हवा यायची. छताला उघडणारी काच होती. आत एक बाई मंजुळ आवाजात पट्टा बांधण्याची विनंती करायची, आणि काका तिला "हो मॅडम" म्हणायचे. "डिझेलच कावून घेतली?" असं मी विचारलं तेव्हा माझी कीव करून ते म्हणाले, "मास्तर, पेट्रोल स्कूटरमंधी टाकतेत. मशीन म्हणजे डिझेल."

माझ्याजवळ लायसन्स होतं आणि गाडी नव्हती. मी शाळेत गणित शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो. एवढ्या पात्रतेवर मला रिलीव्हर नेमण्यात आलं.

गाडी घेण्याचं कारण मात्र प्लांटमधलं नव्हतं. ते कारण म्हणजे मंदाकाकू. काकू काकांच्या स्कूटरवर मागे, आडव्या बसून, मांडीवर पिशवी धरून साऱ्या भिलाईभर हिंडल्या होत्या. पुढे लोखंड वाहणारे ट्रक, मध्ये धूळ, वरून प्लांटच्या चिमण्यांची काजळी. घरी आल्यावर त्या पदराने तोंड पुसायच्या आणि पदर काकांना दाखवायच्या. एकदा कधीतरी त्या म्हणाल्या होत्या, "एक डाव तरी काचा वर करून कुठं जाले भेटलं पायजे." बोलून विसरूनही गेल्या असतील. काका विसरले नाहीत. बहुतेक निवृत्त लोक प्लॉट घेतात, काकांनी काचा घेतल्या. आणि काकूंना न सांगता घेतल्या, कारण त्यांना तेव्हाचा काकूंचा चेहरा पाहायचा होता.

पूजेच्या दिवशी सारी गल्ली जमली. काकूंनी कोशाची रेशमी साडी नेसली, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. चेहरा खरंच काकांना हवा होता तसा झाला होता. मग काकांनी पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, "बस व मंदा."

काकू ठेंगण्या आणि अंगाने भरलेल्या. गाडीची पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर. त्यांनी एक पाय ठेवला, तो निसटला. दुसरा ठेवला, साडी अडकली. तिसऱ्या खेपेला त्या दाराच्या मुठीला धरून नुसत्याच लोंबकळल्या. काका आनंदाने वेडे झालेले, त्यांना भान नव्हतं. ते प्लांटमध्ये ओरडावं तसे ओरडले, "अरे, क्रेन मागवा रे कोनी! लोड भारी हाये!"

सारी गल्ली हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. काकूंनी मूठ सोडली, पाय जमिनीवर टेकला, साडी नीट केली आणि शांतपणे म्हणाल्या, "मी नाई बसत या गाडीत. आता नाई आन कधीच नाई. तुमच्या क्रेनले बसवा." आणि घरात निघून गेल्या. प्रसादाचा शिरा त्यांनी सगळ्यांना वाढला, काकांनाही वाढला, पण त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

म्हणजे जिच्यासाठी गाडी आणली ती सोडून बाकी मरोदा त्या गाडीत बसायला मोकळा झाला. काकांना हे फार लागलं. पण माफी मागणं हे काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. त्यांना दुरुस्ती येत होती, म्हणून ते दुरुस्तीच्या मागे लागले.

काकू सुपेल्याच्या बाजाराला ई-रिक्षाने जाऊ लागल्या. काका गाडी काढून मागोमाग निघायचे. पुढे टुकटुक चालणारी रिक्षा, तिच्यात पाठ ताठ करून बसलेल्या काकू, आणि मागे हातभर अंतरावर ही काळी रिकामी गाडी, दोन्ही इंडिकेटर लावून, रिक्षाच्याच वेगाने. "मधीच मन बदललं तं? गाडी जवळ पायजे का नाई?" असं काकांचं म्हणणं. सुपेला चौकातल्या एका नव्या पोलिसाला वाटलं की रिक्षातून कोणी साधेपणाची आवड असलेल्या पुढारी बाई निघाल्या आहेत. त्याने चारी बाजूंची वाहनं अडवून रिक्षाला वाट दिली आणि सलाम ठोकला. काकूंनी तो मान हलवून स्वीकारला. त्या आठवड्यात काकूंना भाजी स्वस्त मिळाली.

इकडे गाडीचं वेगळंच चाललं होतं. काका तिला थंड होऊ देत नव्हते. सकाळी प्लांटच्या भोंग्याला ती सुरू व्हायची आणि दारातच घुर्र घुर्र करत उभी राहायची, मी शाळेतून येऊन "चार्ज" घेईपर्यंत. चार्ज म्हणजे काका दारात उभे राहून सांगणार, "डिझेल अर्ध्याच्या वर, टेम्परेचर ओके, हवा बरोबर, बोनेटवर एक मांजर." मी म्हणणार, "मिळाला." मग ते जेवायला जाणार. उन्हाळ्यात गल्लीतली म्हातारी माणसं गार आसनांवर येऊन पेपर वाचायची. डिझेल जळत होतं, पण काकांना त्याचं काही नव्हतं. भट्टीच्या विटा तरी शाबूत होत्या.

मग एक दिवस स्टिअरिंगसमोरच्या पाटीवर पिवळा दिवा लागला. आम्ही गाडी जी.ई. रोडवरच्या शोरूममध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने सांगितलं की धुराच्या नळीत एक गाळणी असते, गाडी उभ्या उभ्या चालवली की ती काजळीने भरते. मग गाडी मोठ्या रस्त्यावर घेऊन एका वेगाने पळवायची, म्हणजे आतली काजळी जळते. "और अंकल, जब तक ये लाइट बुझे नहीं, बीच में रुकना मत."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला असता. काकांचे डोळे भरून आले. "मास्तर," बाहेर येऊन ते म्हणाले, "मंधात थांबवता येत नाई! हे तं आपलंच काम हाये."

तेव्हापासून काका "दिव्यावर" जाऊ लागले. दिवा लागला की शिट्टी, दुर्गवरून शिवनाथचा पूल ओलांडून राजनांदगावच्या रस्त्याला, आणि विझला की परत. एकट्याने जाणं त्यांना उधळपट्टी वाटायची, म्हणून गल्लीतल्या ज्याला त्याला विचारायचे, "दुर्गले काई काम हाये का?" काम असणारा बसायचा. पण दुर्ग आलं तरी दिवा जळत असला तर तो उतरू शकत नव्हता. आमच्या गल्लीतले मेश्राममामा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, यांना एकदा दुर्ग स्टेशनवरून गोंदियाची गाडी पकडायची होती. काकांनी स्टेशनचं वळण ऐंशीच्या वेगाने मागे टाकलं.

"अहो लांजेवार, माझं स्टेशन गेलं!"

"दिवा पिवळा हाये, मेश्रामसाहेब. तुमीच सांगा, पिवळ्यावर गार्ड उतरते का?"

दिवा राजनांदगाव स्टेशनच्या थोडं आधी विझला. गोंदियाची गाडी मागून आरामात आली आणि मामांना अगदी खिडकीची जागा मिळाली. पण तिकीट दुर्गपासूनचं आणि चढले राजनांदगावला, याचं दुःख मामा अजून सांगतात. जन्मभर नियमाने गाड्या सोडणाऱ्या माणसाला तो डाग वाटतो.

काकू हे सगळं दारातून पाहायच्या. "बसून राहिलेत सारे उपटसुंभ," म्हणायच्या आणि आत जायच्या.

शेवटी काकांनी मोठी दुरुस्ती हाती घेतली. त्यांनी दारासमोरच्या अंगणात, गल्लीला लागून प्लॅटफॉर्म बांधला. रेल्वेचा असतो तसा, विटा-सिमेंटचा, गाडीच्या आतल्या फरशीच्या बरोबरीने. घराच्या बाजूने बुटक्या बुटक्या पायऱ्या, दोन्हीकडे लोखंडी कठडा, कडेला पिवळे-काळे पट्टे. गाडी त्याला घासून लावली की दारातून सरळ चालत आत. पाय उचलायचंही काम नाही. शेवटचा हात फिरवून काका काकूंकडे बघत उभे राहिले. क्रेनबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही. त्यांच्या लेखी प्लॅटफॉर्म म्हणजेच तो शब्द होता.

काकू पायऱ्या चढल्या. कठड्यावर हात फिरवला. टोकापर्यंत गेल्या, गाडीच्या उघड्या दारासमोर उभ्या राहिल्या. गल्लीने श्वास रोखला. काकू वळल्या, खाली उतरल्या, घरातून जुनं लुगडं आणून प्लॅटफॉर्मवर पसरलं आणि त्यावर सांडगे घालायला बसल्या.

प्लॅटफॉर्म गल्लीचा झाला. चौदा एप्रिलला मेश्राममामांनी त्यावर उभं राहून भाषण केलं. गणपती त्यावर बसला. गाडी उभी असताना जाणारे-येणारे त्यावरूनच ये-जा करू लागले. एका साखरपुड्याचे फोटो त्यावर निघाले, मागे गाडी, पुढे पट्टे. काकू रोज चढायच्या, काहीतरी वाळत घालायच्या आणि उतरायच्या. गाडीचं दार हातभर अंतरावर उघडं असायचं. काका आतून स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसायचे. मला ते बघवत नसे. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, "काका, एकदा तोंडाने सॉरी म्हणून टाका ना." त्यांनी फडक्याने स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाले, "मास्तर, तोंडातूनच तं बिघडलं. आता तोंडावर भरोसा नाई रायला."

कोंडी फुटली ती रिक्षावाल्यांमुळे. मागे सतत ती काळी गाडी लागते म्हणून ते वैतागले होते. एका दुपारी काकू कोपऱ्यावर उभ्या राहिल्या तर एकही थांबेना. शेवटी एक जण थांबला आणि हात जोडून म्हणाला, "काकी, आप बैठती हो तो पीछे वो गाड़ी आती है. हमको डर लगता है." काकू तरातरा परत आल्या. त्यांचा चष्मा सुपेल्याच्या दुकानात दुरुस्तीला दिलेला होता, तो आणायचाच होता. प्लॅटफॉर्मच्या पायऱ्या चढून त्या गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत काका, मागच्या सीटवर मी, नुकताच चार्ज घ्यायला आलेला.

"फक्त सुपेल्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "चश्म्याच्या दुकानाफुडं उतरवून द्याचं. बोलाचं नाई."

काकांनी मान हलवली. काकू चालत आत आल्या आणि बसल्या. मंजुळ बाईने पट्टा बांधायची विनंती केली. "बांधते व बाई, दम धर," काकू म्हणाल्या. काका खाली उतरून फेरी मारायला विसरले, शिट्टीही विसरले. तेवढं एकदाच.

सुपेला चौक आला. चष्म्याचं दुकान आलं. आणि दुकान मागे गेलं.

"अवो! दुकान!"

"दिवा लागला व," काका समोर बघत म्हणाले. "आता थांबता येत नाई."

मी मागच्या सीटवरून वाकून पाहिलं. समोरची पाटी स्वच्छ होती. कुठेही दिवा नव्हता. आरशात काकांची आणि माझी नजर भेटली. त्या नजरेत अशी काही विनवणी होती की मी मुकाट्याने मागे टेकलो.

दुर्गपर्यंत काकूंनी काकांच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. शिवनाथच्या पुलावर त्यांचं तोंड थांबलं. शेजारून एक ट्रक धुरळा उडवत गेला आणि धुरळा काचेवर आपटून खाली घसरला. काकूंनी काचेला आतून बोट लावलं, बोट पाहिलं. कोरडं, स्वच्छ. मग पदराचं टोक पाहिलं. मग त्या बाहेर धानाच्या शेतांकडे बघत राहिल्या. राजनांदगावला त्यांनी विचारलं, "इझला का?" काका म्हणाले, "नाई अजून." डोंगरगडची टेकडी दिसायला लागली तेव्हा पुन्हा विचारलं, आणि पुन्हा "नाई अजून." टेकडीखाली रस्ता मोकळा झाला तेव्हा काका एकदम म्हणाले, "मंदा, ते क्रेनचं... तसं नोतं बोलाले पायजे मले. मी लय खुश होतो व, म्हून निंगून गेलं."

काकूंनी पिशवी मांडीवर ओढली.

"समोर पाहून चालवा," त्या म्हणाल्या. आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांच्या हातात दिला. मलाही एक मिळाला. चष्मा त्या दिवशी राहूनच गेला.

त्यानंतर दिवा फार वेळा लागू लागला. आठवड्यातून एकदा तरी काकू प्लॅटफॉर्मवर येऊन उभ्या राहायच्या, काका गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "लागला," आणि दोघं जायची. मला मागच्या सीटवर बोलावणं बंद झालं.

पुढच्या हिवाळ्यात काकांच्या छातीत दुखलं. त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा काकू चहा आणायला बाहेर गेल्या होत्या. काकांनी मला जवळ बोलावलं आणि नेहमीच्या सुरात सुरू केलं, "चार्ज घे, मास्तर. डिझेल अर्ध्याच्या वर. टेम्परेचर ओके. मांगच्या डाव्या चाकात हवा पाहून घेजो." थोडा दम घेतला. "आनि तो दिवा. नाई लागला तरी लागते तो कधी कधी. समजलं ना?"

"मिळाला," मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या जाण्याने गल्ली किती रिकामी झाली हे मला सकाळच्या भोंग्याला कळायचं. भोंगा वाजायचा आणि त्यामागून काहीच सुरू व्हायचं नाही. गाडी प्लॅटफॉर्मला लागून थंडगार उभी होती. किल्ली माझ्या खिशात होती, पण तिला हात लावायचं माझ्या जिवावर यायचं. हैदराबादहून आलेली लेक म्हणाली, विकून टाकू, इतकी मोठी गाडी आई काय करणार? काकूंनी तिला सांडगे बांधून दिले. लेक परत गेली.

एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. काकू उभ्या होत्या. तीच कोशाची साडी, हातात पिशवी.

"रिलीव्हर, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "दिवा लागला हाये."

गाडी कितीतरी दिवस बंद होती, किल्ली माझ्याजवळ होती. मी फक्त चपला घातल्या. काकू पायऱ्या चढून प्लॅटफॉर्मवर गेल्या आणि थांबल्या. "फेरी कोन मारंल?" मी गाडीभोवती फेरी मारली, चारही चाकं पाहिली, मागच्या डाव्यातली हवाही. मग त्यांनी पिशवीतून पितळी शिट्टी काढली आणि छाती भरून अशी फुंकली की मेश्राममामा दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. म्हैस हलली नाही. तिला काकूंनी हिंदीत समजावलं.

सुपेला मागे गेलं, दुर्ग मागे गेलं. शिवनाथच्या पुलाआधी मी उगाच वेग कमी केला.

"कावून? इझला का?"

मी समोर पाहिलं. पाटीवर एकही दिवा नव्हता.

"नाही काकू. अजून नाही विझला."

"मंग चाल," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर धानाच्या शेतांकडे पाहू लागल्या. पूल संपल्यावर, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "तवाबी असाच लागला होता. पह्यल्या दिवशी." आणि काच पूर्ण वर करून घेतली.